आधी बोकड बांधा

आमच्या वाडीत एखाद्या करडाची आई कोण हे शेंबडं पोरगंही सांगेल. बाप कोण विचारलं की सगळे माळाकडं हात करतात. माण तालुक्यातला हा उघडा माळ. सात-आठ घरांच्या शेळ्या तिथं एकत्र चरतात आणि त्यांच्यात कायम दोन-चार बोकड फिरत असतात. ते कुणी मुद्दाम ठेवलेले नसतात. वजन भरलं नाही, व्यापाऱ्यानं मागं टाकला, भाव पडला म्हणून राहिला, असे ते. अंगानं भरलेला, चपळ बोकड आठ-दहा महिन्यांत लोणंदच्या बाजारात गेलेला असतो. म्हणजे ज्याची वाढ सगळ्यांत कमी, तोच कळपात सगळ्यांत जास्त दिवस राहतो आणि पुढची पिढी त्याची होते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि मग लोक म्हणतात, उस्मानाबादी शेळीत आता पूर्वीसारखा दम राहिला नाही.

मी लग्न होऊन इथं आले तेव्हा दावणीला आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, शेळ्या होत्या. बहुतेक काळ्याभोर, लांब लोंबत्या कानांच्या, काहींच्या कानावर पांढरे ठिपके. धाराशिव-लातूरकडची ही उस्मानाबादी जात आमच्या दुष्काळी पट्ट्यातही चांगली रुळलेली आहे. बोराटी, बाभळीच्या शेंगा, कडब्याचा भुगा, जे मिळेल त्यावर जगते आणि जुळी देते. शेळ्यांचा पैसा घरात बायकांच्या हातात राहतो, त्यामुळं त्यांचा निर्णयही बायकाच घेतात. फक्त बोकड कुठला लावायचा हा निर्णय कुणीच घेत नव्हतं. तो माळावर आपोआप होत होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी ठरवलं की आपल्या शेळ्या कधी आणि कुणापासून गाभण राहायच्या हे आपण ठरवायचं. तालुक्याला शेळीपालनाचं एक शिबिर झालं होतं, तिथं वंशावळीची वही कशी ठेवायची ते दाखवलं होतं. फलटण आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उस्मानाबादीच्या पैदाशीवर काम चालतं, मांसासाठीची परदेशी बोअर जातही याच संस्थेनं १९९० च्या दशकात आपल्याकडं आणली, हे ऐकून होते. तिकडचे बोकड, तिकडच्या कृत्रिम रेतनाच्या, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या, कांड्या यांची चर्चा बचतगटात व्हायची. पण घरी येऊन पाहिलं तर खरी अडचण फार साधी होती. माझा बोकड कितीही भारी असला तरी माळावरचा किरकोळ बोकड त्याच्या आधी पोचणार. शेळी माजावर येते ती दीड-दोन दिवस. त्यातला अर्धा वेळ ती माळावर असते.

म्हणून पहिलं काम निघालं ते दुसऱ्यांचे बोकड आवरण्याचं. यात तंत्र काही नाही, नुसती भाऊबंदकी आहे.

बोकडाच्या पोटाला पुढच्या पायांमागून गोणपाटाचा पडदा बांधतात. तो नीट बांधला तर बोकड उडी मारतो, पण लागत नाही. शेजारच्या तात्यांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "सूनबाई, बोकडाला लंगोट घालायची येळ आली म्हणजे कलियुग आलं." हसून झालं, पण बांधून दिला त्यांनी. दुसऱ्या एका घरानं मात्र साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, आमचा बोकड फुकटात सगळ्या वाडीच्या शेळ्या फळवतोय, उलट तुम्हीच आम्हाला काही द्या. यातही चूक नव्हतं. वाडीभर फुकट सेवा मिळत होती म्हणून कुणालाच बोकड पोसायची गरज वाटत नव्हती. शेवटी आम्ही जूनचे तीन आठवडे आमच्या शेळ्या माळावर सोडल्याच नाहीत. सुबाभूळ, शेवरी, हत्तीघास कापून दावणीला टाकला. आत्यांना ते अजिबात पटलं नाही. चरायला न गेलेली शेळी त्यांच्या मते आजारी शेळी.

आपल्याच घरातल्या लहान बोकडांचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. चार-पाच महिन्यांचा बोकड दिसतो करडू, पण शेळी फळवू शकतो. पाठ, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, तीही पाच-सहा महिन्यांत पहिला माज दाखवते. त्या वयात ती गाभण राहिली तर तिची स्वतःची वाढ तिथंच थांबते, करडूही किरकोळ होतं. म्हणून चौथ्या महिन्यात बोकड एका बाजूला, पाठी दुसऱ्या बाजूला. दवाखान्यात नेऊन चिमट्यानं खच्ची करून आणणं सोपं, पण ईदच्या बाजारात आमच्याकडच्या व्यापाऱ्यांना अंडील बोकड लागतो. तेव्हा जे दिवाळीच्या आत विकायचे ते खच्ची आणि जे ईदला ठेवायचे ते वेगळ्या कुडात, अशी वाटणी केली. कुडाची उंची मात्र बोकडांनी ठरवली. छातीएवढी केली, ती पहिल्याच आठवड्यात ओलांडली गेली.

घरच्यासाठी बोकड निवडताना आत्या आणि मी दोघी गेलो होतो. मी वजन विचारत होते, त्या बोकडाच्या आईची कास बघत होत्या. त्यांचं बरोबर होतं. बोकडाचं अंग बघून त्याच्या मुलांच्या वजनाचा थोडाफार अंदाज येतो, पण मुलींच्या दुधाचा अंदाज त्याच्या आईकडं बघूनच येतो, आणि करडं पहिले तीन महिने वाढतात ती दुधावर. मग पाय सरळ आहेत का, खालचा जबडा पुढं आलेला नाही ना, दोन्ही अंड सारखी आणि घट्ट आहेत का, हे पाहिलं. एकच अंड उतरलेला बोकड लोक स्वस्तात देतात. घेऊ नये, तो दोष पुढं जातो.

जुळ्यातला बोकड घेतला की जुळी होतात, असं सगळे सांगतात. अर्धं खरं आहे. शेळीला एका माजात किती बीजं सुटतात यावर जुळं ठरतं आणि ते तिच्या वयावर, तिच्या अंगात त्या वेळी किती ताकद आहे त्यावर आणि तिच्या आईबापाकडून आलेल्या गुणावर अवलंबून असतं. बोकड त्या वेतात जास्तीचं बीज सोडायला लावू शकत नाही. त्याच्यातला जुळ्याचा गुण दिसला तर तो त्याच्या मुलींमध्ये दिसेल, दोन वर्षांनी. म्हणजे जुळ्यातला बोकड घ्यायचा तो नातींसाठी. यंदाच्या जुळ्यासाठी शेळीला खाऊ घालायचं. आम्ही जून लागायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून प्रत्येक शेळीला रोज पाव किलोच्या आसपास भरडा सुरू केला. मका, थोडी सरकी पेंड, मिठाची चिमूट आणि खनिज मिश्रण. वाळून बसलेल्या शेळ्यांवर त्याचा परिणाम लवकर दिसतो. आधीच गुबगुबीत असलेल्या शेळीला घातलेला भरडा वाया जातो, ती नुसती चरबी धरते.

शिंगांचं प्रकरण मला आत्यांनी शिकवलं आणि नंतर डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं. उस्मानाबादीत बोकडांना बहुधा शिंगं असतात, शेळ्या मात्र बऱ्याच भुंड्या निघतात. आत्यांचा नियम होता, भुंड्या शेळीला भुंडा बोकड लावायचा नाही, "ना पाठ ना बोकड असलं काहीतरी निघतं." मला वाटायचं, ही जुनी समजूत असेल. डॉक्टर म्हणाले, हे अगदी खरं आहे. शेळ्यांमध्ये भुंडेपण आणणारा जो जनुकीय बदल आहे, तोच आई आणि बाप दोघांकडून आला तर मादी करडाची जननेंद्रियं नीट घडत नाहीत. ती वांझ राहते, काही वेळा बोकडासारखी वागायला लागते. एक जरी पालक शिंगाचा असला तरी हा धोका राहत नाही. आमच्या ओळखीत एकाकडं अशी एक पाठ होती. दोन वर्षं पोसली, माजच दाखवेना, वरून इतर शेळ्यांवर चढायची. बिचाऱ्यांनी औषधांवर किती खर्च केला. आम्ही शिंगाचाच बोकड घेतला.

आणल्यावर महिनाभर तो वेगळा बांधला. दवाखान्यातून ब्रुसेलासाठी रक्त तपासून घेतलं, पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस दिली. ब्रुसेलाची शेळी गाभडते आणि तो रोग माणसालाही होतो. ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, महिने जातात कळायला. आमच्या वाडीत आजही बायका उघड्या हातानं जार ओढतात. मी हातमोजे आणून दावणीपाशी खिळ्याला अडकवून ठेवलेत. आत्यांनी ते अजून एकदाही घातलेले नाहीत.

बोकडाची तयारी जूनमध्ये नाही, एप्रिलमध्ये सुरू करावी लागते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, पुस्तिकेत वाचलं. त्याचं वीर्य तयार व्हायला सात आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणजे मेच्या झळांत तो तापला, आजारी पडला, उपाशी राहिला, तर त्याचा हिशेब जूनअखेर निघतो. दिसायला टुणटुणीत असतो, शेळ्यांवर जातोही, आणि तीन आठवड्यांनी सगळ्या शेळ्या उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. लोक मग शेळ्यांना दोष देतात. माणच्या मे महिन्यात पत्र्याखाली बोकड बांधणं म्हणजे त्याला तव्यावर ठेवणं. आम्ही त्याला लिंबाखाली हलवला, दोन्ही वेळ पाणी, भरडा सुरू.

आणि त्याला शेळ्यांपासून लांब ठेवला, आवाजही येणार नाही इतका, चुलत सासऱ्यांच्या वस्तीवर. त्यामागं एक गंमत आहे. काही आठवडे बोकड न दिसलेल्या, वास न आलेल्या शेळ्यांच्या समोर एकदम बोकड आणून बांधला की त्यांतल्या बऱ्याच जणी आठवडा-दीड आठवड्यात माजावर येतात. काहींचा पहिला माज फसवा असतो, पाच-सात दिवसांत पुन्हा येतात. दुसरा खरा. पहिला पाऊस पडून गेलेला, हवा बदललेली, तेव्हा तर याचा जोर आणखी. आमच्या दावणीत तो आणला त्या संध्याकाळी जो गोंधळ सुरू झाला तो तीन आठवडे थांबला नाही. त्या वासानं शेजारच्या वहिनींनी खिडक्या लावून घेतल्या. आता शेळ्यांना माजावर आणण्याचं कामच तो वास करतो, त्याला मी काय करू.

एका बोकडामागं पंचवीस-तीस शेळ्या म्हणतात. ते वर्षभर विखुरलेल्या माजांसाठी ठीक आहे. सगळ्या एका पंधरवड्यात माजावर आल्या तर एवढ्या त्याला झेपत नाहीत. दिवसाला दोन, फार तर तीन शेळ्या, आणि एकीला बारा तासांच्या अंतरानं दोनदा दाखवायची. कारण बीज माजाच्या शेवटाकडं सुटतं. सकाळी शेपूट हलवायला लागली, ओरडायला लागली, की त्या संध्याकाळी दाखवायची, मग पुन्हा दुसऱ्या सकाळी. तारीख वहीत. व्यायची तारीख काढायला पाच महिने पुढं मोजून तीन दिवस मागं यायचं. १५ जूनला फळलेली शेळी १२ नोव्हेंबरच्या मागंपुढं. एकवीस दिवसांनी पुन्हा ओरडली तर उलटली, ती तारीख खोडायची.

पहिल्या नोव्हेंबरला करडं आली, सगळ्यांच्या बापाचं नाव वहीत होतं, इथवर ठीक. पण त्याच वहीनं पुढचा प्रश्न काढला. त्या नोव्हेंबरच्या पाठी पुढच्या जून-जुलैत सात-आठ महिन्यांच्या होणार, चांगल्या पोसलेल्या असल्या तर माजावर येणार. आणि दावणीत बोकड कोण, तर त्यांचाच बाप. सगळीकडं ऐकायला मिळतं की बोकड दोन वर्षांनी बदला. हिशेब मांडला तर दोन वर्षं उशीर होतो. वर्ष पुरं झालं की एकतर पाठी वेगळ्या करा किंवा बोकड. बाप-लेकीच्या संबंधातून जन्मलेली करडं लगेच तीन पायांची निघत नाहीत, म्हणून लोकांना ते कळत नाही. किलोभर वजन कमी, दोन-चार मरतुक जास्त, एखादी पाठ उशिरा माजावर, असं सावकाश झिरपतं.

२०२३ च्या जूनमध्ये आम्ही कृत्रिम रेतनाकडं वळलो ते यासाठी. दुसरा बोकड पोसायचा नाही, पण दुसरं रक्त आणायचं. आमच्याकडं रेतन करायला येते ती पशुसखी ताई शेजारच्याच गावची, शिकून तयार झालेली. खांद्याला नायट्रोजनचा छोटा कंटेनर लावून स्कूटीवर येते. उणे १९६ अंशांत ठेवलेल्या त्या बारीक कांड्या, पाव मिलिलिटरच्या. थर्मासमधलं पाणी थर्मामीटर लावून ३७ अंशांवर आणायचं, कांडी अर्धा मिनिट त्यात, पुसायची, टोक कापायचं, गनमध्ये भरायची. कांडीवर पाण्याचा थेंब राहता कामा नये आणि ऊनही लागता कामा नये, म्हणून ती तिच्या पदराआड करते.

गाईत हात आत घालून गर्भाशयाचं तोंड धरता येतं. शेळीत ते शक्य नाही. मागचे दोन पाय उचलून फळीवर टेकवायचे, शेळीचं डोकं खाली, मान माझ्या मांड्यांत धरलेली. ताईच्या कपाळाला बॅटरी. नळी घालून आत बघायचं, तोंड सापडलं की गनचं टोक हळूहळू फिरवत एकेक वळी ओलांडायची. जितकं आत जाईल तितकी खात्री जास्त. जोर लावला तर रक्त येतं आणि काम फसतं. दोन-तीन वेत झालेल्या शेळ्यांत ती बऱ्यापैकी आत जाते, पाठींत बहुतेक वेळा तोंडाशीच सोडावं लागतं. म्हणजे ज्या पाठींसाठी मी हे सगळं मांडलं, त्यांच्यातच ते सगळ्यांत अवघड होतं.

आतला स्राव बघून ताई वेळ सांगते. काचेसारखा पातळ असेल तर लवकर झालं, "चार-सहा तासांनी करू." ढगाळ, घट्ट व्हायला लागला की नेमकी वेळ. हे बघायला माज ओळखलेला असावा लागतो, आणि रेतनासाठी बोकड ठेवायचाच नाही म्हटलं तर माज ओळखणार कोण? शेळी गाईसारखी हंबरून गल्ली गोळा करत नाही. काही अगदी मुक्या असतात. तेव्हा गोणपाट बांधलेला बोकड रोज सकाळ-संध्याकाळ दावणीवरून फिरवावाच लागतो. कृत्रिम रेतन आलं की बोकड सुटला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा करून बघावं. बोकड सुटत नाही, त्याचं काम बदलतं.

निकाल मिळाला तो मिळाला. मोठ्या शेळ्यांतल्या निम्म्याहून थोड्या कमी राहिल्या, पाठी जवळजवळ सगळ्या उलटल्या. गोठवलेल्या रेतनात असंच होतं, नैसर्गिकाची बरोबरी ते करत नाही. बोकडाच्या वीर्यातच एक विकर (एन्झाइम) असतं, ते अंड्याच्या बलकाशी जमवून घेत नाही, आणि गोठवताना वापरायच्या द्रावणात बलक तर लागतो. म्हणून वळूच्या वीर्यासारखं सरसकट गोठवता येत नाही, आधी धुवावं लागतं किंवा बलक कमी वापरावा लागतो. हे ताईनंच समजावलं. मला त्यातून एवढं कळलं की कांडीवर पैसे घालायचे ते निवडक, अनुभवी, नीट पोसलेल्या शेळीवर. तिच्यातून एखादा बोकड मिळाला की त्याच्याकडून पुढचं काम. उलटलेल्या पाठींना तात्यांचा बोकड दाखवला, तोच तो लंगोटवाला. वर्षभरात त्यांनीही माळावरचे किरकोळ विकून एक चांगला ठेवला होता. पाठींना वजनाची अट ठेवली होती, वीस-बावीस किलोच्या आतली दाखवायची नाही. मोठ्या शेळीच्या वजनाचा दोन-तृतीयांश हा साधा हिशेब.

त्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी रिकाम्या शेळ्यांवर स्पंजचा प्रयोग सुचवला. आधी सोनोग्राफी करून खरंच रिकाम्या आहेत का ते बघितलं, कारण पोट बघून केलेला अंदाज शेळीत फार फसवतो. एकीचं पोट भरलेलं दिसत होतं, आत नुसतं पाणी निघालं. औषधात भिजवलेला स्पंज योनीमार्गात अकरा ते चौदा दिवस ठेवतात, दोरा बाहेर. तो असेपर्यंत माज दबलेला राहतो. काढताना पीएमएसजीचं इंजेक्शन, गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं हार्मोन, आणि दीड-दोन दिवसांत सगळ्या एकदम माजावर. स्पंज ओढला की त्या वासानं पोटातलं बाहेर येतं, हे पत्रकात लिहिलेलं नसतं. दुसरा मार्ग प्रोस्टाग्लँडिनच्या दोन इंजेक्शनांचा, दहा-अकरा दिवसांच्या अंतरानं. तो स्वस्त, पण गाभण शेळीला चुकून दिलं तर ती गाभडते. शेळीचा गर्भ शेवटपर्यंत बीजांडावरच्या पीतपिंडाच्या आधारानं टिकतो आणि हे औषध नेमकं तेच मोडतं. ते कातडीतूनही अंगात जातं. माझी जाऊ तेव्हा दिवसांत होती. डॉक्टरांनी तिला बाटलीला हातही लावू दिला नाही, आणि दम्याचा त्रास आहे म्हणून आमच्या मालकांनाही लांब उभं केलं.

मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या एकाच आठवड्यात व्यायल्या. सोय आहे, यात शंका नाही. जागरण एकदाच, करडं एका वयाची, विकताना लॉट सारखा. त्या आठवड्यात आम्ही पाळ्या लावल्या. शेळी कोपरा धरायला लागली, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले, की कंदील आणि मोजे घेऊन बसायचं. कळा घेऊन तासभर झाला आणि पाय दिसले नाहीत तर डॉक्टरांना फोन. नाळेला आयोडीन, तासाभरात चीक पोटात. पण त्या इंजेक्शनानं तिळी बरीच झाली. शेळीला सड दोनच. तिसरं करडू बाटलीवर आलं, आणि बाटलीवरचं करडू म्हणजे घरात आणखी एक तान्हं. पुन्हा स्पंज लावणार नाही असं नाही, पण सगळ्या कळपाला लावणार नाही.

मार्चच्या करडांचा खरा उपयोग नंतर कळला. बकरी ईदला बोकड वर्षाचा झालेला लागतो आणि व्यापारी आधी तोंड उघडून दात बघतो. आदत, म्हणजे अजून दुधाच्या दातांचा, असेल तर भाव एक, दोन दाती असेल तर वेगळा. दुधाचे पुढचे दोन दात पडून पक्के येतात ते साधारण सव्वा ते दीड वर्षात, पोसण्यावर थोडं मागंपुढं. २०२५ ची ईद ७ जूनला होती. मार्च २०२४ चे बोकड तेव्हा पंधरा महिन्यांचे, दात नुकते फुटलेले, त्यांना खाऊ घातलेला शेवटचा दाणाही वाया गेलेला नव्हता. नोव्हेंबर २०२३ चे ठेवले असते तर दीड वर्षाच्या वर पोसावे लागले असते. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. २०२३ ला २९ जून, २०२४ ला १७ जून. २०३३ च्या सुमाराला ती मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात येईल, तेव्हा नोव्हेंबरची करडं बरोबर सोळा महिन्यांची असतील आणि जूनचं फळवणं पुन्हा फायद्याचं होईल. ईद बघून बोकड दाखवणारे आमच्याकडं फार थोडे आहेत. बहुतेक जण ईद जवळ आली की गोठ्यात जे आहे त्याचे दात बघतात.

राहिलं दोन वर्षांत तीन वेत. प्रत्येक पत्रकावर असतं. जूनला फळली, नोव्हेंबरला व्यायली, फेब्रुवारीला फळली, जुलैला व्यायली, ऑक्टोबरला फळली, मार्चला व्यायली, पुन्हा जून. कागदावर सुंदर बसतं. आमच्या माळावर फेब्रुवारीनंतर हिरवं उरत नाही, दूध पाजून वाळलेली शेळी त्या वेळी माजच दाखवत नाही, आणि जुलैतली करडं चिखलात, ओल्यात हगवणीनं जातात. ज्यांच्याकडं विहिरीला पाणी आहे, चारा आहे, त्यांना जमतं. आम्ही कळपातल्या धडधाकट शेळ्यांनाच फेब्रुवारीत बोकड दाखवतो, बाकीच्यांना जूनपर्यंत विसावा. वर्षाला एक वेत पण जुळं, आणि दोन्ही करडं जगलेली, हे मला तीन वेतांच्या गणितापेक्षा परवडतं. बोअरच्या बाबतीतही आम्ही हात आखडला. खाटकासाठी पहिल्या पिढीची संकरित करडं अंगानं जोरदार होतात, खाणंही तसंच लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या संकरित बोकडाला पुन्हा पैदाशीला विकायचा, मग त्याच्या मुलालाही, आणि प्रत्येक पिढीला पन्नास टक्के, पंच्याहत्तर टक्के असं लेबल लावून भाव वाढवायचा, हा जो बाजार मध्यंतरी झाला त्यात बऱ्याच जणांच्या गावठी शेळ्यांची वाट लागली.

आता आमचा, तात्यांचा आणि पलीकडच्या वस्तीवरच्या वहिनींचा, असे तीन बोकड तीन दावणींत फिरतात. दर जूनला एक घर पुढं. तिघांनी कानात बिल्ले मारून घेतलेत, वही माझ्याकडं. कुणाच्या पाठीला कुठला बोकड चालणार नाही ते मी मेमध्ये सांगते. बोकडाचा भरडा ज्याच्या दावणीला तो असेल त्यानं घालायचा, बाहेरची शेळी आली तर तिचे पैसे बोकडाच्या मालकाला. ज्या घरानं सुरुवातीला नकार दिला होता, ते आता पैसे देऊन शेळ्या दाखवायला आणतात, पण त्यांचा माळावरचा बोकड अजून मोकळाच आहे, तेव्हा त्या शेळ्यांच्या करडांचा बाप मी वहीत लिहीत नाही. येत्या जूनला वहिनींचा बोकड आमच्याकडं यायचाय. ब्रुसेलाचं रक्त अजून गेलेलं नाही. रिपोर्ट आल्याशिवाय दावणीला घेणार नाही, हे त्यांना सांगून झालंय, आणि त्या थोड्या रुसल्यात.